चार चाकांची होडी

"आधी होडी हाय का ते बघ," गंगाबाई म्हणाल्या.

त्यांच्या लेकाने, शैलेशने, नव्या गेमची सीडी मशीनमध्ये सरकवली. पडद्यावर एकेक गाडी गोल फिरू लागली. एक लाल शर्यतीची, एक बेडकाच्या तोंडाची, एक आइस्क्रीमच्या कोनासारखी. शेवटून दुसरी होडी निघाली. बुटकी, चार चाकांची, मागे एवढंसं निशाण. वेगाच्या रकान्यात बिचारीला एकच चांदणी होती. गंगाबाईंनी पदराला हात पुसले आणि रिमोट मागितला.

या गेमचा हा तिसरा भाग. पहिल्या भागापासून त्यांनी दुसऱ्या गाडीला हात लावला नव्हता. पनवेलच्या कोळीवाड्यात सगळा जन्म गेलेला. आपल्या घरात होडी सोडून कोणी काय चालवलंय, असं त्या उलट विचारत. नारळी पौर्णिमेला तर त्यांनी टीव्हीच्या काचेवरच होडीला हळदकुंकू वाहिलं. शैलेश कामावरून आला तो काच पुसत बसला.

सकाळी बाजारात मासळी विकायची, घरी येऊन जेवायचं आणि दुपारी सुनेबरोबर गेम खेळायचा, असा त्यांचा दिवस. सून कोमल उरणची, बारावी शिकलेली, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. ती लाल गाडी घेई. रस्त्यावर होडी तिच्यापुढे गोगलगाय, पण वाटेत खाडी लागली की होडीला पंख फुटत. बहुतेक वेळा कोमलच जिंकायची. मग गंगाबाई दोन मिनिटं फुगून बसायच्या आणि तिसऱ्या मिनिटाला पापलेटचा मधला तुकडा तिच्यासाठी काढून ठेवायच्या. दोघींचा एकमेकींवर जीव होता.

जून महिन्यात कोमलला नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला जागा मिळाली. कॉलेज पनवेलातच होतं, रोज जाऊन येता आलं असतं. शनिवारपर्यंत प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. लहानपणापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. तिने शैलेशला चारदा विचारलं आणि चारही वेळा तो एकच बोलला.

"माझं काय नाय गं. आईला नाय चालणार."

चौथ्यांदा तो हे म्हणाला तेव्हा गंगाबाई दाराबाहेर बोंबील साफ करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. कोमलला वाटलं, त्या आता काहीतरी म्हणतील. पण त्यांची कोयती तशीच चालत राहिली. त्यानंतर तोंडावर जाऊन विचारायचा तिला धीर झाला नाही.

बुधवारी जेवताना शैलेशनेच तोडगा काढला. तो बंदरावर कंटेनरच्या यार्डात कामाला होता आणि त्या दिवशी भलताच खुशीत होता. शुक्रवारी दोघींची शर्यत लावू, म्हणाला. कोमल जिंकली तर कॉलेज. आई जिंकली तर आईचा शब्द शेवटचा, मग कोणी विषय काढायचा नाही, तोसुद्धा नाही.

"परत बोल," गंगाबाई म्हणाल्या.

तो परत बोलला. गंगाबाईंनी मान डोलवली आणि भाताला हात घातला.

कोमलला फार आशा वाटावी असंही नव्हतं. दिवाळीत अशीच पैज लावून तिने शैलेशला हरवलं होतं. ती जिंकली तर आठ दिवस माहेरी जायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो तिला आणायला उरणात हजर. खेळातलं कोणी मनावर घेतं का, म्हणाला होता. पण या वेळी निदान आई साक्षीला होती.

गुरुवारी ती रेशनवरून परत येत होती तर घरातून गेमचा आवाज ऐकू आला. गंगाबाई मासळीची पाटी शेजारच्या शकूवर सोपवून बाजारातून लवकर आल्या होत्या. एकट्याच होडी चालवत होत्या. वळणावर आपटायच्या, परत सुरुवातीपासून निघायच्या. कोमल दाराआड बराच वेळ उभी राहिली. आपल्याला घरात ठेवायला यांचा एवढा हट्ट, याचं तिला रडू आलं. रागही धड येईना, कारण आदल्या रात्री तिचं डोकं दुखलं म्हणून याच बाईने तेल लावून दिलं होतं.

शुक्रवारी दुपारी दोघी टीव्हीसमोर बसल्या. शैलेश मागे खुर्ची टाकून बसला.

पहिल्या फेरीत लाल गाडी खूप पुढे होती. दुसरीतही होती. कोमलने श्वाससुद्धा जपून घेतला. तिसऱ्या फेरीत खाडीच्या तोंडाशी होडीने तिला गाठलं, आणि गंगाबाईंनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. होडी अंगावर घालून लाल गाडी सरळ चिखलात लोटली. कोमल बाहेर निघेपर्यंत त्या पाण्यातून पार झाल्या होत्या. ती जिवाच्या आकांताने मागे सुटली. शेवटच्या सरळ रस्त्यावर अंतर कमी होत होत हातभर उरलं. तेवढ्यात होडीने रेषा ओलांडली.

कोमलने रिमोट मांडीवर ठेवला आणि खाली बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिने गालावर येऊ दिलं नाही.

शैलेशने टाळी वाजवली. झालं, म्हणाला. मिटला विषय.

गंगाबाईंना धाप लागली होती. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि लेकाकडे वळून विचारलं, "आता माझा शब्द शेवटचा ना?"

"तुझाच."

"तू मधी बोलणार नाय?"

"नाय बोलणार. सांग तिला काय ते."

"तिला नाय, तुला सांगायचंय," गंगाबाई म्हणाल्या. "उद्या सुट्टी टाक, हिला कॉलेजात ने नि फॉर्म भर. आणि तीन वर्षं सकाळचं जेवण तू करायचं."