अठरा आमऱ्या आणि एक बिबट्या

“सांगतो ते कुणाला पटायचं न्हाई, हनीफभाई. पटलं तर मिशी उतरवतो.”

शेतपंपांच्या जळक्या मोटारींना नवी तार भरून देणाऱ्या महंमद हनीफच्या दुकानात भागुजीनं स्टूल ओढलं. हनीफच्या हातातली तांब्याची तार थांबली.

बिबट्या आला होता म्हणे. उजाडता उजाडता, उसातून सरळ भागुजीच्या घरामागच्या परड्यात. शेळीकडं ढुंकून बघितलं नाही, कोंबड्यांना हुंगलंसुद्धा नाही. झाडांवर चढला आणि भागुजीच्या बायकोच्या, जानकाबाईच्या, आमऱ्या दातांनी उपटू लागला. एकूण एक, अठराच्या अठरा. तोंडात भारा धरून माघारी निघाला, तेव्हा खिडकीतल्या भागुजीकडं त्यानं एकदा वळून पाहिलं. पावण्यानं निरोप घ्यावा तसं.

बिबट्याला पाला कशाला लागतो, असं हनीफनं विचारलंच. मांजर पोट बिघडल्यावर गवत खात नाही का, हे तर मोठं मांजर, असं भागुजीचं उत्तर तयार होतं. तो तीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर. त्याच्या गोष्टींत माळशेज घाटात गाडीचे ब्रेक दर पावसाळ्यात निकामी व्हायचे आणि गाडी तो रिव्हर्समध्ये खाली आणायचा. पण आज हनीफ हसला नाही. आमऱ्या त्याला माहीत होत्या.

शहरात ज्याला ऑर्किड म्हणतात, ती ही आमरी. माती मागत नाही, झाडाच्या सालीला धरून राहते. जानकाबाईचा भाऊ मढची जमीन विकून गेला, तेव्हा नव्या मालकानं बांधावरची जांभळं तोडली. पडलेल्या फांद्यांवरून तिनं अठरा जुड्या सोडवल्या, ओल्या पोत्यात घालून येडगावला आणल्या आणि परड्यातल्या झाडांना काथ्यानं बांधल्या. अकरा वर्षं रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, फवारणीच्या पंपानं ती त्यांच्या मुळांवर पाणी मारत आली. माहेरचं म्हणावं असं तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. लेकीच्या, यशोधराच्या बाळंतपणाला ती दीड महिन्यासाठी घोडेगावला गेली. जाताना पंप नवऱ्याच्या हाती दिला. फोनवर रोज पहिला प्रश्न पाण्याचा असायचा. भागुजी रोज सांगायचा, मारलं.

“उद्या वहिनी येणार,” हनीफ म्हणाला. “तिला काय सांगशील?”

“तुला सांगितलं तेच.”

एवढं बोलून भागुजी घरी गेला. त्याच्या हिशेबी विषय संपला होता. पण हनीफच्या घरी नातवंडं, आणि मागच्या अंगाला सगळा ऊस. त्यानं वनखात्याला फोन लावला. दुपारी जीप आली. भागुजीनं चौथ्यांदा तीच गोष्ट सांगितली. तोवर बिबट्याची लांबी हातभर वाढली होती. साहेबानं वहीत लिहून घेतलं, आणि संध्याकाळी आंब्याखाली पिंजरा लागला. आतल्या कप्प्यात शेळी. चार दिवस रिकामा राहील आणि घेऊन जातील, अशी भागुजीनं मनाची समजूत घातली आणि तो झोपला.

सकाळी त्याला जाग आली ती घराचे पत्रे थरथरल्यामुळं. दार उघडून तो दोन पावलं पुढं गेला आणि जागच्या जागी खाली बसला.

पिंजऱ्यात बिबट्या होता.

दुकानातल्या स्टुलावर बसून स्वतःच्या जिभेनं घडवलेलं जनावर, चांगलं दांडगं, गजांवर पंजे मारत होतं. आपण काल नेमकं काय काय बोललो ते भागुजी आठवू लागला. काही जास्त बोललो असलो, तर तेही मागून येईल, अशी त्याला धास्ती वाटली.

गाव गोळा झालं. मोबाइल वर झाले. हनीफनं तर सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललास राव, आता उतरव ती मिशी, म्हणाला. पिंजरा जीपमागच्या टेम्पोत चढेपर्यंत भागुजीनं पाच-सहा जणांना हकिकत ऐकवली, आणि शेवटी शेवटी ती त्याला स्वतःलाच पटू लागली.

जानकाबाई अकरा वाजता उतरली. स्टँडपासून दारापर्यंत लोकांनी तिला सगळं सांगितलं. ती हातातली पिशवी खाली न ठेवता परड्यात गेली. आंब्याच्या बुंध्याला काथ्याची टोकं लोंबत होती. तिथून चिकूपाशी. मग न्हाणीमागच्या शेवग्यापाशी येऊन थांबली. अंगठ्याएवढ्या फांदीवर जुडीची जागा तेवढी काळपट दिसत होती. तिनं त्या जागेवरून बोट फिरवलं. मागं भागुजी आंब्यावरची उडी हातवारे करून दाखवत होता, आणि गाव साक्षीला उभं होतं.

“शेवगा पोराला पेलत न्हाई,” जानकाबाई झाडाकडंच बघत म्हणाली. “बिबट्या चढला आन् फांदी शाबूत?”

भागुजीचे हात हवेतच राहिले. हनीफनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

“पाणी तुमी मारलंच न्हाई. पानं गळाली, तवा मेल्या वाटल्या तुमाला, म्हणून आकडीच्या काठीनं वरबाडून काढल्या.” आता ती वळली. “दर उन्हाळ्याला गळत्यात ती पानं. अकरा वर्षात तुमी एकदा मान वर करून बघितलं न्हाई. मेल्या नव्हत्या त्या. झोपल्या व्हत्या.”