तीन समान भाग

लाल बाटलीवर पेन्सिलीने मारलेली रेघ जीभसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. कोणी चोरून प्यायलं असतं, तर पातळी रेघेच्या खाली गेली असती. इथे ती दोन सूत वर चढली होती.

म्हणजे बाटलीत काहीतरी ओतलं जात होतं.

चहाच्या कंपनीत एकतीस वर्षं ते पेल्यामागून पेले चाखत आले होते. कोणतं पान कोणत्या उतारावरचं, हे एका घोटात सांगत. जीभसाहेब हे नाव तिथूनच पडलं आणि घरापर्यंत आलं. येत्या सोमवारी निवृत्ती होती. शेवटची चाखणी, हारतुरे, दोन भाषणं आणि सुट्टी.

रोज संध्याकाळी सात वाजता ते स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने एक पेय बनवत. एक भाग जिन, एक भाग गोड वाइन, एक भाग ती लाल कडू दारू. तिन्ही समान. बर्फावर तीस वेळा चमचा फिरवायचा आणि वरून संत्र्याची साल पिळायची. आधी कडू, मग गोड, शेवटी पुन्हा कडू, असा त्याचा रिवाज. वर्षानुवर्षं दोन पेले व्हायचे, एक त्यांचा, एक बायकोचा.

तीन महिन्यांपूर्वी औषधांच्या दुकानात काम करणारा मेहुणा राहायला आला. त्याच आठवड्यात बायकोने पेला बाजूला सारला. "मला पित्त होतं हो हल्ली," म्हणाली. मेहुण्याला दिला, तर त्यानेही कानाला हात लावले. "नको भावोजी, मला झेपत नाही."

आणि त्याच सुमारास पेयातला कडूपणा पळाला.

सगळंच बिघडलं होतं म्हणा. सूप अळणी लागे. बायको मिठाची बाटली त्यांच्यापुढे सरकवी. यंदाचा चहाही सपक होता; दोन मोठे साठे त्यांनी नापास केले, तेव्हा सहायकाने नुसती मान डोलावली होती. पण चहा सपक असू शकतो. लाल बाटली सपक कशी होईल? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि माणसं खोटं बोलली तरी आपली जीभ बोलत नाही, एवढी त्यांना खात्री होती.

बुधवारी ते अर्धा तास लवकर घरी आले. स्वयंपाकघरातून कुजबुज ऐकू आली.

"आणखी वाढवू?" मेहुणा विचारत होता.

"वाढव. सोमवार उलटला की सुटलो. तोवर यांना कळता कामा नये."

जीभसाहेब दाराशीच थांबले. दाराच्या फटीतून त्यांना मेहुण्याच्या हातातली तपकिरी बाटली दिसली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. तो चमच्याने मोजून लाल बाटलीत ओतत होता, आणि बायको, त्यांची सत्तावीस वर्षांची बायको, खिडकीशी उभी राहून पहारा देत होती.

आल्या पावली ते मागे फिरले आणि कोपऱ्यावर जाऊन अर्धा तास उभे राहिले.

पुढचे दोन दिवस त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. टेस्टर घोट गिळत नाही, चाखून थुंकतो. संध्याकाळचा घोट ते कुंडीत थुंकत आणि उरलेला पेलाही तिथेच ओतत. झाड मात्र टवटवीतच होतं. संथ विष असणार, त्यांनी ठरवलं. झोपलेल्या बायकोकडे बघताना त्यांना रागापेक्षा रडूच जास्त येई. आपलं असं काय चुकलं?

शनिवारी सात वाजता त्यांनी तीन पेले मांडले.

"आज तिघं घेऊ," ते म्हणाले. "निवृत्तीचं आगाऊ."

"अहो, माझं पित्त—"

"एका दिवसाने काही होत नाही."

त्यांनी मोजून ओतलं. समान भाग, तीस वेळा चमचा, संत्र्याची साल. मेहुण्याचा चेहरा उतरला होता.

"भावोजी, मला खरंच झेपत नाही."

"का रे? त्यात काय आहे, हे तुला ठाऊक आहे म्हणून?"

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग पेला उचलला आणि मोठा घोट घेतला.

तिचे डोळे पांढरे झाले. हाताने तोंड दाबत ती बेसिनकडे धावली.

"विष!" जीभसाहेब ओरडले. "रंगेहाथ पकडलं! बोल, काय घातलंस?"

मेहुण्याने स्वतःच्या पेल्यात बोट बुडवून चाटलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"विष नाही, भावोजी," तो खाली मान घालून म्हणाला. "भूक लागण्यासाठी देतात, तो कडू मुळीचा अर्क आहे."

"अरे, किती घातलास?" बेसिनपाशी चूळ भरत बायकोने विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"आधी एक चमचा घालत होतो, ताई. मग दोन. बुधवारी सहा घातले. तरी हे गोडच म्हणत होते."

जीभसाहेबांनी आपला पेला उचलला. एकतीस वर्षं घेतला तसा, सुर्रकन घोट ओढून जिभेवर पसरवला, आणि डोळे मिटून कडू येण्याची वाट पाहत राहिले.

बेसिनपाशी बायको चौथी चूळ भरत होती.