ओला थेंब

"अजून ओलाच आहे," काचेच्या झाकणाखाली डोकावत संशोधिका म्हणाली.

मसुरीच्या दाण्याएवढ्या तांब्याच्या जाळीवर एक थेंब चमकत होता. त्यात सोन्याचे घन तरंगत होते. इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर मावावेत. थेंब सावकाश आटला तर ते आपणहून फरशीसारखे ओळीने बसत. घाई केली की नुसता ढिगारा.

सूक्ष्मदर्शक यंत्रातून घेतलेला अशा ओळींचा फोटो तिने शोधनिबंधात छापला होता. तसा दुसऱ्या कुणालाच मिळेना, म्हणून तो बनावट असल्याची कुजबुज सुरू झाली. आज दुसऱ्या प्रयोगशाळेतले परीक्षक स्वतः खातरजमा करायला आले होते. ते चहाला खाली गेले आणि तिच्या सरांनी दार लोटून घेतलं.

"फोटोतली जुनी जाळी कपाटात आहे ना? ती घाल यंत्रात."

"सर?"

"अगं, खरीच आहे ना ती? तूच केलीस ना? मग त्या माणसाला काय कळतंय!" सरांच्या कपाळावर घाम होता. "तुझ्याबरोबर माझंही नाक कापलं जाईल."

"खरीच आहे, सर. पण आजची म्हणून दाखवली तर खोटी होईल."

जिन्यावर पावलं वाजली. सरांचा हात कपाटाच्या मुठीकडे गेला, तशी ती मध्ये येऊन उभी राहिली. आजवर तिने सरांसमोर आवाजसुद्धा चढवला नव्हता.

परीक्षक आले, घड्याळ बघत बसले. थेंब आपल्या गतीने आटला. जाळी यंत्रात गेली.

पडद्यावर ढिगारा उमटला. तिने जाळी सरकवली. पुन्हा ढिगारा. सरांनी मान फिरवली. ती जाळी किंचित किंचित सरकवत राहिली.

कडेला एक ओळ लागली. तिला खेटून दुसरी. मग पडदाभर घनच घन, खांद्याला खांदा लावून.

"हं, घे फोटो! घे पटकन!" सर पुढे झुकले. "तो ढिगारा राहू दे."

"तोही घेते, सर."

परीक्षकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"आधी तो ढिगाराच दाखवा," ते म्हणाले. "आमच्याकडे दर वेळी तेवढाच मिळतो."