जास्तीची काच

मैदानातला गलका एकदम थांबला, तेव्हाच काचवाल्याने ओळखलं, आपला संघ हरला. मैदानासमोरच त्याच्या बहिणीची बेकरी. गेल्या दोन्ही पराभवांत चिडलेल्या गर्दीने तिची दर्शनी काच फोडली होती. "आता फुटली तर मी दुकानच बंद करते," असं ती म्हणाली होती. म्हणून त्याने आज त्या मापाची काच आधीच कापून हातगाडीवर आणली होती.

आणि ही बाई! शटर सताड वर, दिवे लख्ख, दारात बाकं मांडलेली आणि हातात पाण्याचा जग.

"अगं, वेड लागलंय का? शटर ओढ आधी!"

"दादा, सगळ्यांनी शटरं ओढली की लोकांना वाटतं, बघायला कोणी नाही. मी आहे ना बघायला."

तेवढ्यात लोंढा आलाच. कोणी कचऱ्याच्या डब्याला लाथ घातली. एका आडदांड गड्याने काचेची बाटली उगारली, ती थेट बेकरीच्या रोखाने.

बहीण दोन पावलं पुढे झाली. "रिकामीच दिसतेय, भाऊ. आणा इकडे, भरून देते."

हात वरच राहिला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. गडी ओशाळला आणि त्याने बाटली पुढे केली.

"शेवटी अगदीच माती खाल्ली हो त्यांनी," तो रडवेला होऊन म्हणाला आणि बाकावर बसला. त्याच्या शेजारी आणखी चौघे टेकले. संघाला शिव्या घालता घालता त्यांनी बेकरीतले पाव संपवले.

काचवाला काच घेऊन घरी परतला. गावभर काचा बसवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या खिडकीला मात्र कित्येक वर्षं पुठ्ठा होता. बायकोने बोलून बोलून नाद सोडला होता. त्याने काच टेबलावर आडवी ठेवली, खिडकीचं माप घेतलं आणि काच कापायची हिरकणी काढली.

"अहो, ही वन्संच्या दुकानाची ना?" बायको धावत आली. "एकदा कापलीत की गेली. पुढच्या सामन्याला लागली म्हणजे?"

"नाही लागायची," तो म्हणाला आणि त्याने सरळ रेघ ओढली.