कोणी जेवू घातलं?

“ज्यांनी ज्यांनी कम्युनिस्टांना जेवू घातलं, त्यांनी पुढे या!” रोडेलनं माइकवरून तिसऱ्यांदा फर्मावलं.

फिलिपिन्समधल्या दावावच्या खाडीकाठची ती सगळी वस्ती बास्केटबॉलच्या मैदानात उन्हात बसवली होती. रोडेलच्या मागे त्याच्या रक्षक दलाचे गडी. कमरेला कोयते, दोघांच्या खांद्याला बंदुका. बाजूला खुर्चीत फौजेचा सार्जंट. गेल्या आठवड्यात दलानं ज्या दोन दारांवर लाल फुल्या मारल्या, ती घरं आता रिकामी होती.

कोणी हललं नाही.

क्रेसिंग लोकांची धुणी धुवायची. साबण लावलेले कपडे तिच्या अंगणात तसेच वाळत पडले होते.

“किती वेळ चालणार हे?” ती पुटपुटली.

“गप बस ना बाई,” शेजारची एस्टर कुजबुजली.

“आधी त्या जंगलातल्या कम्युनिस्टांच्या सभा, आता यांच्या. ऊठबस करून गुडघे गेले माझे.” आणि ती उठलीच. “मी घातलं जेवायला!”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“कोणाला?” सार्जंटनं विचारलं.

“ह्यालाच, रोडेलला. तेव्हा हा जंगलातल्यांचा होता.”

“ते ठाऊक आहे आम्हाला. तो शरण आलाय. त्याला माफी मिळाली.”

“वा! खाल्लं त्याला माफी, आणि रांधलं तिनं पुढे यायचं?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. रोडेल माइक घेऊनच तिच्याकडे धावत आला. माइकचा हात खाली करून हळूच म्हणाला, “मावशी, नुसतं म्हणा, घाबरून दिलं. माझ्याकडे बंदूक होती. की संपलं, घरी जा.”

“डोंबलाची बंदूक! चपलांपाशी ठेवून आत आला होतास. अंगात ताप होता. भात गिळताना रडत होतास रे.”

“हात जोडतो, मावशी. घाबरून दिलं म्हणा.”

क्रेसिंगनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागच्या पोरांकडे, सार्जंटकडे. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“तेव्हा नव्हते घाबरले. आत्ता घाबरलेय.”

माइक चालूच होता. पार खाडीपर्यंत ऐकू गेलं.