दारातले बूट

दार उघडलं तेव्हा भत्त्याच्या ऑफिसातून तपासणीला आलेल्या बाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर खाली होती, उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या काळ्या पुरुषी बुटांवर.

तिनेही खाली पाहिलं. सकाळपासून खोली आवरली, एकच ताट, एकच उशी, दोरीवर फक्त स्वतःचे कपडे. आणि हे बूट तेवढे राहिले! अक्कल काय शेण खायला गेली होती? रोज बघून बघून ते तिला दिसेनासेच झाले होते.

"एकट्याच राहता ना?" बाईंनी विचारलं. "अर्जात तसं लिहिलंय."

ती तोंड उघडणार, एवढ्यात घरमालकीण काकू बादली घेऊन जिन्यावर उगवल्या.

"तिच्या मिस्टरांकडे आलात का? ते नाही भेटायचे हो. रात्रपाळी असते त्यांची. मलाच अजून दर्शन नाही!"

झालं! आता बोलायचं तरी काय? एकटी आहे म्हणावं, तर काकू उद्याच सामान बाहेर काढतील. एकट्या बाईला खोली देत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नवरा आहे म्हणावं, तर एकट्या बाईला मिळणारा बाळंतपणाचा भत्ता गेला. सातवा महिना लागला तसं लाँड्रीत इस्त्रीसमोर उभं राहणं तिला जमेना, आणि मालकाने गोड बोलून तिला घरी बसवलं होतं. भत्ता गेला की खोलीही गेलीच.

"आत या ना," ती कशीबशी म्हणाली. वाकवत नव्हतं, तरी भिंतीला धरून वाकली, बूट उचलले आणि बाई आत येताच दार लावून घेतलं. काकू खाली गेल्याचा आवाज काही आला नाही.

बाई बसल्या नाहीत. त्यांनी कपाट उघडून पाहिलं, मोरीत डोकावल्या, पलंगाखाली वाकल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "माणूस असेल तर आत्ताच सांगा. लपवलंत आणि नंतर निघालं, तर सगळंच बंद होईल. बाहेरच्या बाई सांगतायत, बूट सांगतायत, मी काय लिहू?"

"हळू बोला हो," तिने दाराकडे पाहिलं. मग तिचा संतापच उसळला, पण तोही कुजबुजतच. "माणूस असता तर एवढं पोट घेऊन तुमच्या ऑफिसात खेटे घातले असते का मी? इथे राहायला आले आणि कोणीतरी रात्री कडी हलवायला लागलं. एकदा नाही, दोनदा. मी पलंग ओढून दाराला लावला. सकाळी जाऊन हे बूट आणले. त्यानंतर कडी हलली नाही."

"असं सगळ्याच सांगतात."

"मग घालून बघा!" तिने बूट त्यांच्यासमोर धरले. "घाला ना. कोणत्या माणसाच्या पायात बसतात ते मलाही कळू दे."

बाईंनी बूट हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही बुटांची टोकं एकाच बाजूला वळली होती.

दोन्ही डाव्या पायाचे होते.

"चौकात बूट शिवणारे काका आहेत ना, त्यांच्याकडे पडून होते," ती म्हणाली. "म्हणाले, घेऊन जा पोरी, असेच. उजवा काही सापडला नाही."

बाईंनी बूट बाजूला सारले. मग त्यांनी पेन काढलं, कागदावर एकच शब्द लिहिला आणि तिला वाचता येईल असा कागद वळवला. एकटी. ती पलंगावर बसली आणि पदर तोंडावर धरून मुकाट्याने रडली.

बाईंनी स्वतः बूट उचलले आणि दार उघडलं. काकू जिन्यात होत्याच, बादली अजून हातात.

"भेटले का हो मिस्टर?"

"झोपलेत," बाई म्हणाल्या. "रात्रभर जागून आलेला माणूस. जरा हळू बोलत जा."

काकू ओशाळल्या आणि पाय न वाजवता खाली उतरल्या.

बाई सँडलचा पट्टा लावायला खाली बसल्या. बूट त्यांनी दाराशी ठेवले, एकावर दुसरा अर्धवट टेकवून, म्हणजे कोणी निरखून पाहिलं तरी कळू नये.

"धूळ बसू देऊ नकोस," मान वर न करता त्या म्हणाल्या. "माझ्या दारातले मी दर रविवारी पुसते."