एक देश सोडून

“आख्खं जग विक, पोरी. तो एक देश तेवढा सोड,” काका म्हणाले आणि त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

ती मनातल्या मनात हसली. माहितीपट देशोदेशीच्या वाहिन्यांना विकणं हा तिचा धंदा. प्रत्येक देशाचे हक्क वेगळे विकायचे, आणि एखादा मोठा देश मुद्दाम मागे ठेवायचा. मग तिथलं गिऱ्हाईक कासावीस होतं आणि आपणहून दारात येतं. मुरलेले विक्रेतेच हे करतात. काकांनी तर सारा जन्म कापडाच्या दुकानात काढलेला. चांगलं ठाण शेवटी उलगडायचं, हे त्यांना कोण शिकवणार?

“कळलं, काका,” तिने डोळे मिचकावले. “तुम्ही निवांत राहा.”

चित्रपट तिच्याकडे विकायला देण्याचा जो करार झाला, त्यात यातलं काही नव्हतं. हे बोलणं तोंडी झालं, तेही सही झाल्यावर.

चित्रपटाचं नाव ‘अभ्रा’. जेमतेम अर्ध्या तासाचा. आपलं दुखणं बरं होणार नाही हे कळल्यावर काकूंनी नवऱ्याला घर चालवायला शिकवायला घेतलं, आणि लेकीला म्हणाल्या, “कॅमेरा लाव, हे ध्यान सगळं विसरेल.” काकू खाटेवर बसून हुकूम सोडतात आणि काका उशीला अभ्रा घालताना घामाघूम होतात. “अहो, उशी आहे ती! पोत्यात माल भरताय का?” शेवटी खाट रिकामी असते. काका एकटेच अभ्रा घालतात, आणि तो नीट बसतो.

हे जगाला दाखवा, असं काकूंनीच लेकीला बजावलं होतं. “नवरा घडवायला किती कष्ट पडतात ते कळू दे लोकांना.”

देशोदेशीचे खरेदीदार जिथे येतात, चित्रपटांच्या त्या बाजारात तिचा स्टॉल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि मागे जगाचा नकाशा. समोरचा चकचकीत स्टॉल तिच्या जुन्या साहेबांचा. तिने नोकरी सोडली तेव्हा ते म्हणाले होते, “एवढ्याशा फिल्मा कोण घेतं? वर्षभरात परत येशील. तुझी खुर्ची ठेवतो.” वर्ष संपत आलं होतं. ‘अभ्रा’ विकला गेला नाही, तर ती खुर्ची वाट बघत होतीच.

पहिल्या दिवशी दुपारी, स्टॉलवर तिच्यासोबत बसलेल्या काकांचा फोन वाजला. ते कोपऱ्यात गेले.

“हो आई, जेवली. आत्ताच डोळा लागलाय तिचा. नाही, उठवायला नको. हो, सांगतो.”

घरी लेकीची लहान मुलगी असते, हे तिला ठाऊक होतं. “पणजीला पणतीची भारीच काळजी दिसते,” ती म्हणाली.

काका नुसतं “हं” म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. हेडफोन लावून बसलेला एक गंभीर गृहस्थ मध्येच खो खो हसला आणि शेवटी रुमाल शोधू लागला. त्याने तिथल्या तिथे चित्रपट घेतला. तिने नकाशात लाल टाचणी टोचली. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. काकांना पाहून लोक लांबूनच उशी भरल्याची नक्कल करायचे. काका लाजायचे. टाचण्यांची डबी रिकामी होत आली, आणि समोरचे साहेब पाणी प्यायच्या निमित्ताने दहादा इकडून गेले.

मोकळा राहिला तो एकच देश. तिथल्या वाहिनीची बाई रोज येई.

“आम्हीच काय घोडं मारलंय?”

“थांबा जरा,” ती गोड हसून म्हणे. “त्या देशाचं ठरायचंय.”

“कोण दुसरं आहे का?”

यावर ती फक्त कागद आवरत राही.

शेवटच्या दिवशी सकाळी ती बाई आपल्या वरिष्ठांनाच घेऊन आली. काका थकले होते, खोलीवर झोपले होते. वरिष्ठ म्हणाले, “रात्रीच्या मुख्य वेळेत दाखवू. घराघरात पोचवू. आजच जाहीर करतो, फक्त हो म्हणा.” छोट्या माहितीपटाला मुख्य वेळ! असं तिने आजवर ऐकलंही नव्हतं. काकांनी देश मागे ठेवला तो याचसाठी, तिला वाटलं. ठाण उलगडायची हीच वेळ. तिने सही केली.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. संध्याकाळी तिच्या स्टॉलसमोर उभं राहायला जागा नव्हती. साहेब स्वतः आले.

“ती खुर्ची आता मोडीत काढतो,” ते म्हणाले. “तुला बसायला ती लहान पडेल.”

लोक हसले, टाळ्या वाजल्या. ती वर्षभर ज्याची वाट बघत होती ते हेच. तिचे डोळे भरून आले.

एवढ्यात काका आले. तिने गर्दीतून वाट काढली, त्यांचा हात धरला आणि त्यांना नकाशासमोर उभं केलं.

“बघा काका! एकही जागा मोकळी नाही.”

काकांनी चष्मा वर केला. त्यांचं बोट नकाशावरून सरकत गेलं आणि त्या टाचणीपाशी थांबलं.

“हे कधी झालं?”

“सकाळी! आणि माणसं शब्दाची पक्की निघाली. दुपारच्या बातम्यांत चित्रपटातला काकूंचा तुकडासुद्धा दाखवला. तिथे आज घरोघरी त्यांचंच नाव आहे. शेवटचा प्रसंगही दाखवला, रिकाम्या खाटेचा. तुमची युक्ती फळली, काका!”

मागे पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. काका हळूच खुर्चीत बसले.

“युक्ती कसली, पोरी,” ते म्हणाले. “हिची आई असते तिथे. ही गेल्याचं आम्ही तिला अजून कळू दिलेलं नाही.”